ॲरिझोनात काढलेली दृष्ट

खरं तर हे कुणाला सांगायचंच नाही, असं ठरवलं होतं. पण निनादने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आमच्या ईडन प्रेरी गावातल्या निम्म्या मराठी घरांत ही बातमी तिखटमीठ लावून आधीच पोचवलीय. तेव्हा म्हटलं, माझी फजिती निदान माझ्याच तोंडून ऐका!

तर डिसेंबरात आम्ही कॅम्पिंगला गेलो. मला सांगा, मिनेसोटात राहणाऱ्या माणसाने हिवाळ्यात कुठे जावं? समुद्रावर! नारळाच्या झाडाखाली! पण नाही. निनादने चाळीस व्हिडिओ बघितले आणि तिकिटं काढली ॲरिझोनाची.

"अगं, डेझर्ट आहे, डेझर्ट!"

डेझर्ट होतं, पण डोंगरावर. सूर्य कलला की बाटलीतलं पाणी गोठायला लागायचं. म्हणजे घरची थंडी सोडायची, विमानात बसायचं, परक्या थंडीत उतरायचं आणि दगडांवर झोपायचं. आणि याला म्हणे व्हेकेशन!

शेजारच्या तंबूत एक दाढीवाले गृहस्थ होते. त्यांच्या अंगावर इतकी यंत्रं लटकत होती, की ते चालले की भांड्यांचं दुकान निघाल्यासारखं वाटायचं. कमरेला बेअर स्प्रे. अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा फवारा हो! "याच्याशिवाय मी टॉयलेटलाही जात नाही," असं त्यांनी न विचारता सांगितलं. मग आमच्या चार वर्षांच्या सावीकडे बघून म्हणाले, "ओ माय गॉड, काय गोड मुलगी आहे! डोळे तर बघा!"

झालं! पाच मिनिटांत सावीने भोकाड पसरलं. खिचडीला तोंड लावेना. गाल लालबुंद.

"पोट दुखतंय का गं?"

"नो!"

"थंडी वाजतेय?"

"नोऽऽ!"

"मग काय होतंय, राजा?"

"एव्हरीथिंग!"

माझ्या डोक्यात तोवर ताप, न्यूमोनिया, दोन तासांवरचं हॉस्पिटल, फोनला नसलेली रेंज, सगळं रांगेत उभं राहिलं होतं.

"दमलीय गं ती," निनाद म्हणाला. "झोपेल आता. सकाळी शिखर गाठायचंय, समिट करायचंय."

"खड्ड्यात गेलं तुझं समिट!"

आणि मग मी ते केलं.

आधी एक सांगते. मी बायोस्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी केलीय. अमुक औषधाने खरंच गुण येतो की नुसतं वाटतं, हे आकडे बघून ठरवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या मावसभावाला मी फॅमिली ग्रुपवर दोन परिच्छेद सुनावलेत. तरीही त्या संध्याकाळी मी फोडणीच्या डब्यातून मीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या काढल्या, सावीवरून ओवाळल्या आणि टाकल्या शेकोटीत.

सातच का? मलाही माहीत नाही. पुरावा विचारू नका!

नेमका तेव्हाच वारा सुटला.

आधी निनाद खोकला. मग दाढीवाले. मग पलीकडचे विद्यार्थी, त्यांच्या पलीकडचं म्हातारं जोडपं, त्या जोडप्याचा कुत्रा. सगळं कॅम्पग्राउंड डोळे पुसतंय, ठसकतंय!

"बेअर स्प्रे!" दाढीवाले ओरडले. "कुणीतरी बेअर स्प्रे मारलाय!"

स्प्रे मारला म्हणजे अस्वल आलं! बघता बघता माणसं गाड्यांत, दारं धडाधड बंद.

"त्या झुडपात! मी बघितलं! केवढं मोठं!" दाढीवाले.

"मलाही काहीतरी काळं हललेलं दिसलं यार!" आमचा निनाद. ती आमची कचऱ्याची पिशवी होती.

मी का बोलले नाही? आधी खोकत होते म्हणून. नंतर लाज वाटली म्हणून.

गोंधळ ऐकून तिथल्या जंगलखात्याच्या रेंजर आल्या. साठीच्या, शांत बाई. दाढीवाल्यांनी रिपोर्ट दिला तोवर अस्वलाला दोन पिल्लंही झाली होती.

"थंडीत अस्वलं झोपलेली असतात," रेंजरबाई म्हणाल्या. "पण रिस्क नको. अस्वलाचा तपास लागेपर्यंत शिखरावर जायचा ट्रेल बंद."

विद्यार्थी हळहळले. बिचारे तेरा तास ड्राइव्ह करून आले होते. निनादचं तोंड तर बघवेना. आणि नसलेल्या अस्वलाचा तपास लागणार कसा? मी वर्गात करतात तसा हात वर केला.

"मॅडम, अस्वल नाहीये. मिरच्या आहेत."

"मिरच्या?"

"शेकोटीत. मी टाकल्या."

"स्वयंपाक करताना?"

बघा, देवाने ताटात वाढून दिलेलं निमित्त! हो म्हणायचं आणि सुटायचं! पण मी कसली शहाणी?

"नाही. ते... यांनी माझ्या मुलीला गोड म्हटलं ना, म्हणून."

दाढीवाल्यांनी हळूच दोन्ही हात वर केले.

रेंजरबाई सावीकडे बघत होत्या. "हिच्या अंगावर कपडे किती आहेत?"

मी मोजले. दोन थर्मल, स्वेटर, फ्लीस, जॅकेट, वरून माझी शाल, डोक्याला माकडटोपी. आणि पोरगी शेकोटीच्या पुढ्यात! बाईंनी चेन उघडली, तर आत पोर घामाने निथळत होती. शाल, टोपी, जॅकेट उतरलं, आतलं ओलं बदललं आणि दोन मिनिटांत आवाज आला, "ममा, आय ॲम हंग्री." दोन वाट्या खिचडी खाल्ली.

ट्रेल उघडा राहिला. दुसऱ्या दिवशी समिट करून खाली आलो, रेंज मिळाली, तेव्हा आईला नागपूरला फोन लावला. म्हटलं, एक तरी माणूस माझ्या बाजूने बोलेल!

"आई, मी सावीची दृष्ट काढली."

"बरं केलंस. मिरच्यांचा ठसका लागला?"

"अगं, अख्ख्या कॅम्पग्राउंडला लागला! कुत्र्यालासुद्धा!"

"मग नव्हतीच दृष्ट," आई म्हणाली. "दृष्ट असली की मिरच्या जळूनही ठसका लागत नाही. ठसका लागला म्हणजे दुखणं दुसरंच. मग पोरीचं अंग बघायचं, कपडे सैल करायचे."

मी सावीच्या जॅकेटची चेन हळूच खाली ओढली.

"काय गं, तुमच्या पीएचडीत रिझल्ट वाचायला शिकवत नाहीत का?"