धुक्यातली मिठाची गुळणी

सासूबाई तिला लाडानं 'आमचा रेडिओ' म्हणत. सून स्वयंपाकघरात शिरली की बाकीच्यांनी मुकाट्यानं जेवायचं, एवढंच उरे. गंमत अशी, की या रेडिओला पगारही बोलण्याचाच मिळे. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये बसून ती पायलटांना उतरायची परवानगी द्यायची.

निरभ्र दिवशी तिच्या कामात खोट काढायची कुणाची टाप नव्हती. दाट धुक्यात मात्र तिला एकटीनं बसायची मुभा नव्हती. धुक्यात पायलटला धावपट्टी दिसत नाही. जमिनीवरच्या यंत्रातून निघालेल्या रेडिओलहरीचा माग धरून तो विमान खाली आणतो. त्या शेवटच्या टप्प्यात टॉवरनं गप्प राहायचं. आणि हिला नेमका तेव्हाच धीराचा शब्द टाकल्याशिवाय चैन पडत नसे. त्यापायी ती परीक्षेत दोनदा नापास झाली होती. "पायलटला सूचना हवी असते बाई, सोबत नव्हे," परीक्षक म्हणाले होते.

आजची संधी शेवटची. हुकली तर टॉवर सुटणार, खाली ऑफिसात टेबलाशी बदली.

"तोंडात मिठाची गुळणी धर," निघताना सासूबाईंनी बजावलं.

"आणि सुटली तर?"

"तर गिळ!"

टॉवरच्या काचांबाहेर सगळं पांढरंफटक होतं. परीक्षक तिच्या मागे खुर्ची टाकून बसले. पहिलं विमान उतरलं. "धावपट्टी सोडली," पायलट म्हणाला. मागून दुसरं येतच होतं. परवानगी तिच्या ओठांवर आली, तेवढ्यात जमिनीवरची हालचाल दाखवणाऱ्या पडद्यावर पहिल्या विमानाचा ठिपका थबकलेला तिला दिसला.

"पलीकडची रेघ ओलांडलीत?" तिनं विचारलं.

"नाही. वाट दाखवणारी गाडी दिसेना, म्हणून थांबलोय."

धुक्यात नुसती धावपट्टी सोडून भागत नाही. धावपट्टीपासून लांब आखलेल्या त्या रेघेच्या अलीकडे विमान उभं असलं की त्याच्या धडानं लहर वाकते, आणि वरचा पायलट वाकड्या लहरीमागे वाकडाच खाली येतो.

मागची खुर्ची करकरली. दुसरं विमान अगदी जवळ आलं होतं. ज्या क्षणी गप्प बसायला ती महिनोन्महिने शिकली होती, नेमक्या त्याच क्षणी बोलायची वेळ आली होती.

"उतरू नका, वर चढा. पुन्हा सांगते, वर चढा."

ना 'माफ करा', ना 'त्याचं असं झालं'. पायलटनं शब्द परत म्हटले आणि इंजिनांची गर्जना टॉवरवरून गेली.

गाडी धाडून तिनं पहिल्या विमानाला रेघेपार नेलं. दुसरं वळसा घालून पुन्हा आलं. तिनं वारा सांगितला, परवानगी दिली, पायलटनं ती परत म्हणून दाखवली. मग मिठाची गुळणी. जीभ नुसती वळवळत होती. 'छान येताय' एवढंच म्हणावं, कुणाचं काय जातं? ती गिळून बसली.

"उतरलो. रेघ ओलांडली. आभारी आहे."

"त्याला कारण का नाही सांगितलंत?" परीक्षकांनी विचारलं.

"त्या घटकेला त्याला उंची हवी होती, साहेब. कारण आता सांगते की, हवं तेवढं!"

साहेब खो खो हसले. "नको, त्याला विमान जागेवर नेऊन लावू द्या. पुढच्या धुक्याला तुम्ही एकट्या बसा."

खाली उतरून तिनं घरी फोन लावला, आणि मुद्दामच गप्प राहिली.

"अगं, काय झालं? बोल की! गेली का परीक्षा? एरवी पट्टा चालू असतो, आता का दातखीळ बसलीय?"

"सासूबाई, गुळणी टाकू का?"

"टाक मेली एकदाची!"

मग रेडिओ जो सुरू झाला, तो घरी पोचेपर्यंत थांबला नाही.