पाठीचा फोटो मी काढत नाही

"कॅमेऱ्यातलं कार्ड काढून इथे ठेवा," त्या घरच्या सूनबाई इंग्रजीत म्हणाल्या. मी अजून लाइटही बंद केले नव्हते.

राजघराण्याच्या एका शाखेतल्या पाच जणींचा औपचारिक फोटो मी नुकताच काढला होता. अशा कामाला बाईच फोटोग्राफर लागते. एरवी इथे आखातात, सबाह अल-सालेम या उपनगरातल्या माझ्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो आणि तान्ही बाळं. हा एक फोटो दर्शनी भिंतीवर लागला असता, तर मोठमोठ्या घरांतली लग्नं माझ्याकडे आली असती. घरच्या बायकांचे चेहरे बाहेर जाऊ नयेत म्हणून कार्ड द्यावं लागतं, हे मला माहीत होतं. तरी एक फोटो मागून घ्यायचाच, असं ठरवून गेले होते. घासाघिशीत मी कुणाला हार जात नाही.

सगळ्यांच्या अंगावर थोब होते. थोब म्हणजे समारंभात पोशाखावरून घालायचा झिरझिरीत, पायघोळ झगा. काळ्या कापडावर सोनेरी जर. जरीवर फ्लॅश थेट मारला की ती पांढरीफटक दिसते. म्हणून दिव्यांवर सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी, चढवून मी ते बाजूला वळवले होते. टाका न् टाका उठून आला. आणि मधोमध बसलेल्या थोरल्या शेखांचा, म्हणजे राजघराण्यातल्या त्या सासूबाईंचा, चेहरा! तसा चेहरा मला परत मिळाला नाही.

"एक फोटो स्टुडिओसाठी द्या."

"नो."

"बिल कमी करते."

"नो."

"छोटा लावते. कोपऱ्यात."

थोरल्या शेखा हसायला लागल्या. मुंबईशी जुना व्यापार असल्यामुळे त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांसारखं त्यांनाही मुंबईचं हिंदी येत होतं. "ये तो बाजारवालों को भी बेच के आएगी! सुन बेटी, चेहरा नहीं मिलेगा. हम पीठ करके खड़े रहते हैं. थोब का फोटो ले, दीवार पे लगा."

सूनबाई वळून उभ्याही राहिल्या.

माझं डोकं फिरलं. सकाळपासून चेहऱ्यांवर प्रकाश बसवत होते, आणि या मला पाठ देत होत्या! "शेखा, पीठ का फोटो मैं नहीं निकालती. उसके लिए दर्जी को बुलाओ."

त्यांचं हसू थांबलं. "मर्ज़ी तेरी," एवढंच म्हणाल्या.

मी कार्ड ठेवलं. त्यांनी मला कॉफी पाजली, ठरलेलं सगळं दिलं, दारापर्यंत पोचवलं. भांडायला जागाच ठेवली नाही.

पुन्हा बोलावणं आलं नाही. दोनेक वर्षांनी जवळच्या एगैला भागातल्या मॉलमध्ये एका नव्या स्टुडिओच्या काचेत मोठा फोटो दिसला. चौघी पाठमोऱ्या. थोब मी लगेच ओळखले. प्रकाश सरळ मारलेला, डावीकडची जर पार पांढरी. तरी बायका थांबून बघत होत्या, आत जाऊन तारखा विचारत होत्या. थोरल्या शेखा त्या फोटोत नव्हत्या. तोवर त्या गेल्या होत्या.

चेहऱ्यांचा फोटो मला मिळायला हवा होता, असं मला आजही वाटतं. पण समोरच्याचा शेवटचा भाव मी आवाजावरून ओळखते, अशी माझी घमेंड होती. त्या दिवशी शेवटचा भाव, म्हणजे तो पाठीचा फोटो, हसत हसत सांगितला गेला, आणि मला वाटलं, सौदा आत्ता कुठे सुरू झालाय.