उभं राहण्याचा पगार

साड्यांच्या दुकानातलं काम सुनंदाबाईंनी आठवडा भरायच्या आतच सोडलं. दिवसभर उभं राहणं गुडघ्यांना झेपेना. पगाराची आशाही त्यांनी सोडली होती. काल त्या गणवेशाची साडी धुऊन, इस्त्री करून परत द्यायला आल्या. शेठनी पाकीट पुढे केलं.

"कसले पैसे, शेठ? मला अजून धड घडीसुद्धा घालता येत नव्हती."

"उभ्या होतात ना?"

काम सोडणाऱ्याला लोक चटकन कच्चा ठरवतात. पण नोकरी पेलली नाही, तरी तिला दिलेले दिवस काही परत मिळत नाहीत.

पाकीट घेऊनही त्या उभ्याच होत्या. दुकानात बसायचं ते गिऱ्हाइकांनी, असा तिथला रिवाज.

"आता तरी बसा," शेठ म्हणाले. "नोकरी सोडलीत ना?"

सुनंदाबाई पांढऱ्या गादीच्या कडेला टेकल्या.