नायगावचा जुना सर्व्हर

पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत लॅपटॉप, एक केबल आणि चाळीतल्या शेजारच्या सुरेखाकाकूंसाठी बाकरवडी होती. दादरला उतरून नायगावपर्यंत चालत गेलो. जिथे बावीस वर्षं काढली तिथे मला रस्ता विचारावा लागला, आणि त्याचा रागच आला. शेजारी टॉवर उभे राहिलेत. आमची चौदा नंबरची चाळ रिकामी होती, काकूही टॉवरमध्ये राहायला गेल्या होत्या. मंडळाच्या खोलीत तेवढी वीज होती, तीही पाच वाजता तोडणार होते.

त्या खोलीत मी कॉलेजात असताना बसवलेला सर्व्हर आहे, प्रत्येक खोलीचं त्यात एक खातं. काकूंचे यजमान नाना तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांची भजनं फक्त त्यातच होती, आणि काकूंच्या नव्या कॉम्प्युटरवर ती उघडत नव्हती.

"इलंस?" (आलास?) काकू डबा उघडत म्हणाल्या. "आधी जेव."

"वीज जाईल, काकू."

"मग लवकर जेव."

भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा). चव तीच होती.

पहिला घोळ लवकर सुटला. काकूंनी सोबत आणलेला नवा कॉम्प्युटर नव्या पद्धतीने फाइली मागत होता, सर्व्हरला जुनीच पद्धत ठाऊक. नव्याला जुन्या पद्धतीने मागायला लावलं आणि नानांचं फोल्डर दिसलं. पण उघडेना. 'परवानगी नाही.' नाव बरोबर, पासवर्ड बरोबर. चार वाजून गेले, माझं डोकं फिरायची वेळ आली.

"काकू, या नव्या कॉम्प्युटरवर तुमच्या खात्याला नंबर कुठला दिलात?"

काकू क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी भिंतीवरच्या माझ्याच अक्षरातल्या कागदाकडे बोट केलं. 'नंबर : आधी चाळ, मग खोली.'

"आता खोली खंय हा? (कुठे आहे?) म्हणून टॉवरचा घातला. सतराशे चार."

मी कपाळावर हात मारला. हा सर्व्हर माणसाला नावाने नाही, नंबराने ओळखतो. काकू त्याच्या लेखी अजून चौदाशे छत्तीस होत्या : चाळ चौदा, खोली छत्तीस. नव्या कॉम्प्युटरवर तो नंबर घातला आणि फोल्डर उघडलं.

आधी खोकला, मग पेटीचा सूर, मग नाना : "सुरेखा, चाय ठेव गो."

"ठेवतंय," काकू म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरून आले.

पाचला दहा कमी असताना सगळं उतरवून झालं. "आता टॉवरचा नंबर परत घालू?" मी विचारलं.

"नको. चौदाशे छत्तीसच रवांदे." (राहू दे.)

पुण्याला घरी पोचल्यावर सहज माझ्या लॅपटॉपवरच्या खात्याचा नंबर पाहिला. चौदाशे सदतीस. दर नव्या लॅपटॉपवर मी सवयीने तोच घालत आलो होतो.