शेवट राहिलेली पाठवणी

न्हावरे गावच्या एका लग्नात वाजवायची सुपारी घेऊन परतत होतो, तेवढ्यात रशीदमामांच्या जावेदचा फोन आला. "काका, अब्बा गेले." मोटारसायकल कडेला घेतली आणि कुणाला कळवायचं, कुणावर काय सोपवायचं, हे आधी मनात जुळवून घेतलं. मला तेवढंच जमतं.

दौंडचे रशीदमामा आमच्या बँडचे मास्तर. ते क्लॅरिनेट वाजवायचे. मी साइड ड्रम वाजवतो आणि बँडची कामं बघतो. नवरी निघताना वाजवायची एक छोटी चाल मामांनी स्वतः बांधली होती. शिरूर-दौंडकडच्या कितीतरी मुली त्या चालीवर सासरी गेल्या, माझीही... पण रडारडीत ती कुणी नीट ऐकली नाही. दम्यानं मामांचं रस्त्यावरचं वाजवणं सुटलं, तेव्हा त्यांनी मनावर घेतलं, की ही चाल वाढवायची. लोकांनी खुर्चीवर बसून ऐकावी एवढी.

"मामा, बँड बसून कोण ऐकतं? लोकं पंगतीला पळतील."

"पळू दे की. तू तरी बसशील, का तू बी पंगतीत?"

दुपारी त्यांच्या घरी तालीम सुरू झाली. पहिली ओळ त्यांनी संथ करून एकट्या क्लॅरिनेटला दिली, दुसरी ट्रम्पेटवाल्यांत वाटली. कागदावर काही नाही. मामा गुणगुणायचे, आम्ही उचलायचो. चाल वाढत गेली, मामांचा दम कमी होत गेला. अडलं ते शेवटाशी. नवरीची गाडी हलली की बँड थांबतो, ओळ अर्धी असली तरी. त्यामुळं त्या चालीला शेवट असा कधी लागलाच नव्हता.

"हितं गाडीच न्हाई," मामा म्हणाले. "थांबायचं कशावर, विलास?"

मी ढोलाचा दणका सुचवला.

"लेक चाललीय, आन् तू दार आपटतो व्हय?"

बरेच शेवट बांधले, सगळे त्यांनीच मोडले. दवाखान्यात मास्क सरकवून एवढंच म्हणाले, "सापडंल..." सापडला का, मला माहीत नाही.

जनाज्यामागे आम्ही सगळे वाद्यांशिवाय चाललो. असं मुकं चालायची आमच्या पायांना सवय नाही. पावलं आपोआप तालात पडत होती.

आता दर गुरुवारी त्यांच्या खोलीत जमतो. क्लॅरिनेट जावेद वाजवतो. मामांनी शिकवलं तिथवर सगळं बरोबर येतं, मग एकेक वाद्य गळत जातं आणि माझा ड्रम तेवढा उरतो. तालमीत मामांनी हात खाली केला की मी थांबायचो. आता त्यांच्या खुर्चीकडे बघत वाजवतच राहतो... मामी आतून येऊन माझ्या हातावर हात ठेवेपर्यंत.