कूलर बंद करा, हडळ बोलून राहिली

वैशालीताईंचा फोन आला तेव्हा मी आजऱ्याजवळच्या आमच्या गावी, चुलतबहिणीच्या लग्नात होतो. मांडवातला स्पीकर एवढा दणकत होता की त्या पलीकडून काय सांगतायत ते ऐकूच येईना. मी गोठ्यामागं पळालो, एका कानात बोट घातलं, तेव्हा शब्द पोचले. "मावशी गेली गा. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसली, मोबाइल हातातच होता... मी येऊन पाहिलं तर तशीच." मी विचारलं, "कूलर काढला होता का?" मग त्या म्हणाल्या, "नाही गा. अजून प्लॅस्टिकातच गुंडाळून आहे." आणि मग आम्ही दोघंही रडलो. कूलरचं हे काय प्रकरण, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. महिना होऊन गेला, आता सांगता येईल असं वाटतं.

प्रमिलामावशी माझी सख्खी मावशी नव्हे, घरमालकीण. नागपुरात मानेवाड्याच्या बाजूला एका लेआउटात तिचं घर, वरची खोली माझी. वैशालीताई तिची भाची, दोन गल्ल्या पलीकडं राहणारी. मी नववीत शाळा सोडली, फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बोर्ड करायला शिकलो आणि त्या कामाच्या मागं मागं एवढ्या लांब आलो. खोली बघायला गेलो तेव्हा एकच धास्ती होती, हिनं शिक्षण विचारलं तर काय सांगू. तिनं विचारलं ते वेगळंच. "घोरतो का गा?" नाही म्हटलं. "मंग ठीक आहे. माझं घोरणं तुले ऐका लागन." पहिले काही दिवस मी 'अहो मावशी, तुम्ही' करायचो. "मी काय तहसीलदार आहे का? तू म्हण," म्हणाली, तेव्हापासून तू. तिनं मात्र माझं नाव कधी घेतलं नाही. मी शेवटपर्यंत 'कोल्हापूर'. "ए कोल्हापूर, मोटर बंद कर, टाकी वाहून राहिली!"

नोकरीची सगळी वर्षं तिनं बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत काढली होती. माइकवर गाड्या पुकारायची. काटोल, नरखेड, मोवाड... अख्ख्या जिल्ह्यानं तिला ऐकलं होतं आणि पाहिलं कोणीच नव्हतं. निवृत्त झाल्यावर आवाज तेवढाच राहिला आणि पुकारायला गाड्या नाहीत, म्हणून तो आमच्यावर निघायचा.

एका रविवारी ती टाकी बघायला वर आली आणि माझ्या कॉम्प्युटरसमोर थांबली. मी एक कार्टून बघत होतो, कुठल्यातरी लांबच्या देशातल्या चार मित्रांनी मिळून केलेलं. एका दिव्याच्या खांबाला रस्ता ओलांडायचा असतो, एवढीच गोष्ट. मावशी उभ्या उभ्या संपेपर्यंत बघत राहिली. "कोणत्या कंपनीचं आहे गा हे?" म्हटलं, "कंपनी नाही मावशी. चार पोरं, घरात बसून करतात." "घरात बसून?" तिनं स्टूल ओढलं. "लाव बरं पुन्हा." झालं! त्या दिवसापासून टीव्हीवरच्या मालिका बंद. जगात याला काय काय नावं असतील, मावशीनं त्याला 'घरगुती कार्टून' म्हटलं आणि बाकीचं सगळं 'विकतचं'. घरगुती लोणचं मागावं तसं मागायची. "आज काही घरगुती आलं का?" नवा भाग यायचा असला की पोह्यावर चण्याची झणझणीत तर्री घालून वर घेऊन यायची, आणि भाग संपला की आम्ही भांडायचो. ती खांबाची बाजू घ्यायची, मी रस्त्याची.

खेळाचंही तसंच. दोघा भावांनी बनवलेला एक खेळ मी लावून दिला होता. त्यात एक गोगलगाय पाठीवर टपाल घेऊन डोंगर चढते. वाटेत एक पूल. मावशी दरवेळी तिथंच पडायची आणि गोगलगाईला शिव्या घालायची, "भैताड! दिसत नाही का तुले?" शेवटी म्हणाली, त्या पोट्ट्यांना सांग. मी तिचा आवाज रेकॉर्ड करून, खाली मशीनवरचं भाषांतर जोडून पाठवून दिला. "बाबू, खेळ एक नंबर आहे. पण पूल बदमाश आहे तुमचा. दमते ना गा बिचारी, बसाले तरी जागा ठेवा." हसण्यावारी नेतील वाटलं. पण पुढच्या वेळी खेळ नवा होऊन आला तर पुलाच्या अलीकडं एक लाकडी बाक! गोगलगाय त्यावर चढली की जरा वेळ डोळे मिटते. मावशी वैशालीताईंना खेचत वर घेऊन आली. "पाह्य! पाह्य वं! माह्या शब्दावर फर्निचर आलं!" पुढं कितीतरी दिवस ती नुसती बाकावर बसवायलाच खेळ लावायची.

रोज सकाळी जिन्यातूनच प्रश्न यायचा, "आज काय फिरून राहिलं?" म्हणजे मोबाइलवर. मी सांगायचो, एका न्हाव्याच्या दुकानात रोज एक बकरी येऊन खुर्चीत बसते. "खरी आहे का?" "माहीत नाही." "खरी असन तर शाबासकी बकरीले. खोटी असन तर बनवणाऱ्याले." तिचा न्याय असा होता.

मी तेव्हा चोरून चित्रं काढायचो. चोरून, कारण आपण नववीवाले, आपण कशाला असलं करायला जायचं... असं मनात असायचं. माझ्या चित्रात एक हडळ होती. कूलरमध्ये राहते, थंडीभर प्लॅस्टिकाखाली झोपते, उन्हाळ्यात उठते आणि जो घरवाला खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बदलत नाही त्याच्या मानेवर बसते. मावशीनं ते कागद बघितले आणि डोळे मोठे केले. "हिचं नाव काय?" नाव नव्हतं. "खसबाई," ती म्हणाली, आणि लगेच तिथंच, खसबाईच्या आवाजात ओरडली, "ताट्या बदल, नाहीतर मान सोडणार नाही!" काचेच्या खोलीत एवढी वर्षं कोंडलेलं काहीतरी बाहेर आलं जणू. माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली, हे खरं सांगतो.

मग खसबाईचं आमचंच घरगुती कार्टून करायचं ठरलं. आता आवाज घ्यायचा म्हणजे शांतता पाहिजे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात शांतता कुठली? घराघरात ते लोखंडी कूलर घरघरतात. आपला बंद केला तर शेजारचा ऐकू येतो. मावशी मोबाइलला जोडलेला माइक तांदळाच्या डब्यावर ठेवायची, पंखा बंद, कूलर बंद, मग खिडकीतून गल्लीला पुकारायची, बसस्थानकावर पुकारायची तशीच. "दोन मिनटं कूलर बंद करा वं, हडळ बोलून राहिली!" सुरुवातीला लोक हसायचे. नंतर खरंच बंद करायचे. आणि दुपारी लाइट गेली की सगळी गल्ली कपाळावर हात मारायची आणि आमच्या घरात जल्लोष! मी जिन्यावरून उड्या मारत खाली, मावशी हातातलं भांडं टाकून डब्यासमोर. घामाच्या धारा लागायच्या. तेवढ्यात जे मिळेल ते खसबाईचं.

पहिला भाग मी घाईत जोडला आणि नेटवर टाकला. टाकल्यावर कळलं की शेवटचा तुकडा कापायचा राहिलाय. खसबाई आपलं भयंकर वाक्य बोलते, आणि मग त्याच आवाजात, "लाव गा कूलर आता, मेली ना मी!" काढून टाकायला गेलो तोवर ते पळालं होतं. पळालं म्हणजे कसं... संध्याकाळी दुकानाच्या मालकानं मलाच दाखवलं, "हे पाहिलं का बे?" आठवड्यात वरातीतल्या डीजेवर वाजायला लागलं. भाजीवाले ओरडायचे. एका ऑटोच्या मागं रंगवलेलं आम्ही दोघांनी दुसऱ्या ऑटोतून सिग्नलला बघितलं, 'लाव गा कूलर'. मावशीनं मान बाहेर काढून त्या ड्रायव्हरला विचारलं, "कोणाचं वाक्य आहे गा हे?" तो म्हणाला, "हडळीचं, काकू." मावशीनं मान आत घेतली, पदर तोंडाला लावला आणि घर येईपर्यंत हसत होती. मी घाबरलेलाच. म्हटलं, मावशी, चुकून राहिलं ते. ती म्हणाली, "तुह्या चुका चांगल्या आहेत. करत जा."

एकदा मात्र ती चिडली. एका भागात हसणं कमी पडलं म्हणून मी जुन्या भागातलं तिचं हसू उचलून लावलं. तिनं लगेच ओळखलं. "माह्यं जुनं हसू काहून लावलं? ते बकरीच्या गोष्टीवरचं होतं. इथी खसबाई भाताच्या पातेल्यावर हसून राहिली. दोन्ही हसू एक कसे?" दुसऱ्या दिवशी भर दुपारी कूलर बंद करून तिनं पातेल्यावरचं हसू वेगळं दिलं.

गेल्या उन्हाळ्यात आमचा भाग एका वाईट जागी थांबला. खसबाईच्या घरात एसी येतो आणि भंगारवाला कूलर हातगाडीवर चढवतो. पुढं काय, असं विचारणारे एवढे लोक आले की मला झोप लागेना. दिवाळीनंतर मी मावशीला म्हटलं, आता थंडी आहे, गल्ली शांत आहे, आरामात रेकॉर्ड करू. तिनं ऐकलं नाही. "थंडीत खसबाई झोपलेली राहते गा. घाम आला पायजे, तवाच ती बोलन." शेवट काय तेही ऐकायला तयार नाही. "उन्हाळ्यात सांगजो." मी हो म्हटलं. फेब्रुवारीच्या शेवटी लग्नाला गेलो. बाकीचं वर लिहिलंच आहे.

तेरवी झाल्यावर मी वरच्या खोलीत बसून होतो. लोकांचे निरोप येत होते. एका भल्या मुलानं लिहिलं, तुमच्याकडं जुनी रेकॉर्डिंग असतील, मशीनला द्या, हुबेहूब आवाज बनेल, भाग पूर्ण करा, तीच खरी श्रद्धांजली. मी वैशालीताईंना वाचून दाखवलं. मला वाटलं, नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "बनव ना गा. माह्या कानाले तिचा आवाज पायजे." आता काय करावं? ज्या बाईनं मला घर दिलं, तिच्या घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि हो कसं म्हणायचं? खसबाईचं निरोपाचं एक वाक्य मी मशीनवर बनवलं. बनलं. तिचाच आवाज, एक अक्षर इकडं तिकडं नाही. वैशालीताईंनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाल्या, "ही थंडीतली मावशी आहे गा." मी ते वाक्य त्यांच्यासमोरच पुसून टाकलं. कोणाचा भार उतरला कळलं नाही, पण त्यानंतर आम्ही दोघांनी चहा टाकला.

तरी शेवट राहिलाच होता. एप्रिल लागला, भिंती तापल्या. वैशालीताई म्हणाल्या, कूलर काढून ठेवू, मावशी असती तर एव्हाना ओरडली असती. आम्ही प्लॅस्टिक सोडलं, जाळ्या धुतल्या, नव्या ताट्या बसवल्या, पाणी भरलं. भर दुपार होती. मी सवयीनं माइक आणून तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि पंखा बंद केला. का, ते मलाही माहीत नव्हतं. वैशालीताईंनी खिडकीतून काही पुकारलं नाही, पण समोरच्या घरातला कूलर थांबला. मग त्याच्या बाजूचा. गल्ली गप्प झाली. माइकचा लाल दिवा लागलेला, मावशीची खुर्ची तिथंच, आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे. घाम कानामागून मानेवर आला, शर्ट पाठीला चिकटला. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी वैशालीताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "लाव गा आता."

मी बटण दाबलं. कूलर आधी खाकरला, मग घरघरला, ओल्या खसचा वास सगळ्या खोलीभर झाला आणि मावशीच्या खुर्चीवरची उन्हात बांधायची ओढणी हलली.

शेवटचा भाग येत्या रविवारी टाकतोय. त्यात भंगारवाला तो कूलर विकत नाही. आपल्याच पत्र्याच्या घरी नेतो, खिडकीला बसवतो, पाणी भरतो. खसबाई एक शब्दही बोलत नाही. आधीच्या सगळ्या भागांत कूलरची जी घरघर आम्ही जीव तोडून बाहेर ठेवली, तीच शेवटी येते आणि येतच राहते. तिच्या आधी एका बाईचा हळू आवाज आहे, 'लाव गा आता'. जोडताना माझा हात तिथं थांबला होता. ते मी कापलं नाही.