फळीखालचं फिल्टर

येलदरीच्या धरणाचं काम नुकतंच सुरू झालं होतं. मजुरांच्या मुलांना शिकवायला मी रोज मोटारबोटीने पूर्णा ओलांडून जायची. बोटीचा ड्रायव्हर निजामाच्या काळात कापसाच्या जिनिंगचं इंजिन चालवलेला, पिकल्या मिशांचा माणूस. बोट हमखास पात्राच्या मधोमध बंद पडायची. मग तो टाकीखालचं फिल्टर काढायचा, धुवायचा आणि उन्हात धरून म्हणायचा, "बघा, साफ हाय." तरी इंजिन गप्पच. तो धोतराला हात पुसत बसायचा. बऱ्याच वेळाने ते कसंबसं सुरू व्हायचं, तोवर माझं डोकं तापायचं.

एकदा परतताना बोटीत कळा सुरू झालेली बाई होती. तिला जिंतूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. बोट पुन्हा थांबली, पुन्हा तेच फिल्टर. मी ओरडले, "अहो, दुसरं काही बघाल की नाही?"

तो मान खाली घालून म्हणाला, "दुसरं फिल्टर हाय की. तुमी बसलाव त्या फळीखाली. बायांना उठा कसं म्हणावं?"

मी कपाळावर हात मारला. एवढी अदब मागितली होती कुणी? तेवढ्यात ती बाईच माझा खांदा धरून उठली. "काढा मामा, लवकर!"

फळीखालचं फिल्टर काळ्या गाळाने भरलेलं होतं. त्याने ते धुतलं, नळीतली हवा काढली आणि इंजिन सुरू झालं. दवाखान्यात पोचताच तिला मुलगी झाली.

काही दिवसांनी बोट परत थांबली. फळीवर मी आणि दोन मजूर बाया होतो. तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि खोकला. मी मुद्दामच हलले नाही. तो आणखी जोरात खोकला, पण 'उठा' काही म्हणाला नाही. शेवटी आम्हीच उठलो.